कुलाब्याच्या वहीपासून पनवेलच्या पडद्यापर्यंत

नवीन पनवेलच्या सेक्टर 18 मध्ये, कळंबोलीच्या महामार्गाजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. पनवेल सोडून जुन्या पुणे रस्त्याला लागलं की हिरानंदानी फॉर्च्युन सिटीच्या आवारात योट्टा कंपनीचं एनएम1 हे अवाढव्य डेटा सेंटर लागतं. पहिल्या ठिकाणी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची नाडी पाहिली जाते, तर दुसऱ्या ठिकाणी हजारो सर्व्हरची. दोन्हीकडचं काम मुळात एकच आहे. ठरलेल्या वेळी मोजायचं, मोजलेलं लिहून ठेवायचं आणि आकडा वेडावाकडा दिसला की संबंधितांना उठवायचं. दिवस असो, रात्र असो, गणपती असोत की दिवाळी, यात खंड पडता कामा नये.

सर्व्हरवर नजर ठेवण्याचा इतिहास एरवी 1980 च्या दशकातल्या अमेरिकेपासून सांगितला जातो. पनवेलमध्ये उभं राहून तो सांगायचा तर सुमारे एकशे चाळीस वर्षं आणखी मागे, मुंबईच्या दक्षिण टोकाला जावं लागतं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी होती, हा तिचा पहिला उपयोग. 1841 पासून तिथे चुंबकीय मोजमाप सुरू झालं. त्या आधीच्या दशकात जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये गाउस आणि वेबर या दोघांनी एक नवी कल्पना रुजवली होती. जगभरच्या वेधशाळांनी ठरलेल्या दिवशी, एकाच क्षणी चुंबकसूची वाचायची आणि आकडे एकमेकांना कळवायचे. एका गावची सूची हलली तर दोष त्या उपकरणात असू शकतो. दहा गावांच्या सूच्या एकाच वेळी हलल्या, तर काहीतरी पृथ्वीभर घडलेलं आहे. आज एखाद्या संकेतस्थळाची तपासणी मुंबई, सिंगापूर आणि फ्रँकफर्टहून एकाच वेळी केली जाते, त्यामागे हाच विचार आहे.

या कामात मराठी माणसं पहिल्यापासून होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ कुलाबा वेधशाळेचा कारभार पाहिला. आणि 1840 मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तिथे सहायक म्हणून लागले. पगार पन्नास रुपये. केरूनाना पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले, टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेले. त्यांच्या चरित्रात वेधशाळेचा काळ चार ओळींत उरकला जातो, हे खरं तर बरोबर नाही. आकडा डोळ्यांनी वाचायचा, मनाने दुरुस्त करायचा नाही आणि आळसाने चुकवायचाही नाही, ही शिस्त त्यांच्या गणिताच्या आधी आलेली आहे.

तेव्हा सगळी नोंद हातानेच होई. टांगलेल्या चुंबकाची किंचित हालचाल दुर्बिणीतून पट्टीवर वाचायची आणि वहीत उतरवायची. नेहमीच्या दिवशी हे वाचन ठरावीक अंतराने होई. पण सूची बेचैन दिसली की सहायक ते अंतर कमी करत आणि काही मिनिटांनी पुन्हा पुन्हा वाचत. या एका नियमामुळे कुलाब्याचं नाव जगाच्या विज्ञानात कायमचं राहिलं.

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांजवळ पांढरा लखलखाट दिसला. साडेसतरा-अठरा तासांनी त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांमधून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी तर तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून आलेल्या विजेवरच संदेश पाठवले. मुंबईत 2 सप्टेंबरच्या सकाळी, अकराच्या सुमारास, कुलाब्याच्या उपकरणावरचा आकडा कोसळला. ही घसरण सुमारे 1600 नॅनोटेस्ला भरते. काही तासांत तो बराचसा सावरलाही. युरोपातल्या अनेक वेधशाळांत तोवर फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होऊ लागली होती, पण त्या दिवशी तिथल्या रेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसलेला होता, म्हणून घसरण कुठे सुरू झाली, कुठे तळाला गेली आणि कशी परतली हे सगळं वहीत आलं.

मुंबई मात्र वाढत होती. विजेवरच्या ट्राम येणार हे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्पष्ट झालं. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारी वीज चुंबकीय मोजमापात ढवळाढवळ करणार होती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ट्रामशी भांडण मांडलं नाही. त्यांनी पर्यायी जागा शोधली आणि ती सापडली खाडीपलीकडे, अलिबागला. तिथल्या इमारतीसाठी चुंबकाला न खेचणारा पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंडाऐवजी तांबं-पितळ. 1904 मध्ये अलिबागचं काम सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली गेली. त्यातून दोन्ही जागांमधला फरक नेमका मिळाला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली 7 मे 1907 रोजी. तोवर सगळी तयारी झालेली होती.

नवा सर्व्हर आणताना जुना काही काळ शेजारी चालू ठेवायचा, दोघांचे आकडे जुळवायचे आणि मगच जुन्याचा प्लग काढायचा, हे आजच्या डेटा सेंटरात प्रत्येक नव्या अभियंत्याला शिकवलं जातं. मूस यांनी ते संगणक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी केलेलं होतं, आणि तेही सरकारी खात्यात. या माणसाचं नाव महाराष्ट्रात फारसं घेतलं जात नाही याची खंत वाटते. 1910 मध्ये त्यांनी कुलाब्याच्या 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाडजूड खंडांत छापून काढल्या. 1971 मध्ये ही सगळी परंपरा भारतीय भूचुंबकत्व संस्था या स्वायत्त संस्थेकडे आली, आणि नव्या शतकात संस्थेचं मुख्य ठाणं कुलाब्याहून नवीन पनवेलला हललं. जागतिक भूचुंबकीय माहिती केंद्रांपैकी मुंबईच्या नावाने ओळखलं जाणारं केंद्र हीच संस्था चालवते.

आता संगणकांकडे. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस याने एकाच बैठकीत ‘पिंग’ हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. दूरच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. आजही जगातली बहुतेक तपासणी या हाकेपासून सुरू होते. 1988 मध्ये जाळ्यावरच्या यंत्रांना तब्येत विचारण्याची एक सर्वमान्य भाषा ठरली, एसएनएमपी. तोवर हे सगळं काळ्या पडद्यावरच्या अक्षरांत होतं आणि ते वाचणारी माणसं थोडी होती.

वेब आलं तेव्हा हे दृश्य बदललं. 1995 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात टोबियास ओएटिकर काम करत होता. हजारावर संगणक आणि बाहेर जाणारी लाइन फक्त 64 किलोबिटची, त्यामुळे तिच्यावर किती ताण आहे हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असे. त्याने दर पाच मिनिटांनी आकडा घेऊन त्याचा आलेख वेबपानावर टाकणारा प्रोग्रॅम लिहिला, एमआरटीजी. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. देशातल्या नव्या सेवापुरवठादारांच्या कार्यालयांत त्या हिरव्या-निळ्या आलेखांचं पान पुढे अनेक वर्षं कोपऱ्यातल्या पडद्यावर सतत उघडं असे.

1996 मध्ये कॅनडातल्या शॉन मॅकग्वायर याने ‘बिग ब्रदर’ आणलं, आणि आज स्टेटस पेज म्हणून जे ओळखतो त्याचा साचा तिथे तयार झाला. एका पानावर तक्ता. आडव्या ओळीत एकेक सर्व्हर, उभ्या रकान्यांत डिस्क, प्रोसेसर, जाळं, वेबसेवा. प्रत्येक चौकटीत एक ठिपका: ठीक असेल तर हिरवा, लक्ष द्यायला हवं असेल तर पिवळा, बिघाड असेल तर लाल. हे तीन रंग कुणालाही सुचले असते. या पानातली खरी अक्कल जांभळ्या रंगात होती. एखाद्या यंत्राकडून ठरलेल्या वेळात काहीच निरोप आला नाही, तर त्याचा ठिपका जांभळा होई. म्हणजे यंत्र बरं आहे की मेलं आहे ते माहीत नाही, पण ते गप्प आहे. गप्प असलेल्याला हिरवा समजायचं नाही, हे त्या तक्त्याने पडद्यावर मांडलं. अननुभवी माणसाने घरगुती देखरेख उभारली की पहिली चूक नेमकी इथेच होते. तपासणारा प्रोग्रॅमच बंद पडतो, आणि शेवटचा हिरवा रंग पडद्यावर दिवसेंदिवस तसाच राहतो.

यानंतर एथन गॅलस्टॅडचं नेटसेंट आलं, 2002 मध्ये ते नागिओस झालं. त्याच काळात लाटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेवचं झॅबिक्स आलं. पुण्या-मुंबईच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या एका अख्ख्या पिढीचा उमेदवारीचा काळ या दोन नावांसमोर गेला. पाळी बदलताना हँडओव्हर, प्रत्येक बिघाडाला तिकीट, तीनदा तपासून मगच अलर्ट, कारण एकदाच चुकलेल्या उत्तरावर माणसाला पहाटे तीन वाजता उठवलं तर महिन्याभरात तो फोन उचलायचं बंद करतो. या सगळ्या रीती पुस्तकांतून कमी आणि पाळीवरच्या जुन्या माणसांकडून अधिक आल्या.

पण हे तक्ते अजून घरातले होते. ग्राहकाला ते दिसत नसत. डिसेंबर 2005 मध्ये सेल्सफोर्स या अमेरिकी कंपनीची सेवा कोलमडली, ग्राहक चिडले, आणि पुढच्या वर्षी कंपनीने आपल्या यंत्रणेची रोजची अवस्था सगळ्यांना दिसेल असं पान उघडलं. 2008 मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचंही असं पान आलं. आपला दोष आपणच दारावर लिहून ठेवणं व्यापाऱ्याला सोपं नसतं. तरीही ही प्रथा टिकली, कारण सेवा बंद पडली हे ग्राहकाला तसंही कळतं. न कळणारी गोष्ट एकच असते: बिघाड त्याच्याकडे आहे की तिकडे, आणि तिकडच्यांना तो माहीत आहे का.

28 फेब्रुवारी 2017 रोजी या प्रथेतली सर्वांत मोठी उणीव उघडी पडली. ॲमेझॉनच्या एस3 या साठवणसेवेत काम करताना एका आज्ञेत चूक झाली आणि ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर निघून गेले. सुमारे चार तास अमेरिकेतली असंख्य संकेतस्थळं अडली. आणि कंपनीच्या स्टेटस पेजवर? सगळं हिरवं. ते पान अद्ययावत करणारी यंत्रणाच एस3 वर अवलंबून होती. कंपनीला ट्विटरवरून निरोप द्यावे लागले, आणि नंतर तिने ही यंत्रणा वेगवेगळ्या विभागांत पसरवली. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक गेलं, तेव्हा त्यांचं स्थितीदर्शक पानही त्यांच्याबरोबरच गेलं.

मापणाऱ्याने मापल्या जाणाऱ्या गोष्टीच्या बाहेर उभं राहायला हवं, हे मूस यांनी अलिबागला दगड-पितळेत बांधून दाखवलं होतं.

पनवेलच्या परिसराने हा धडा अगदी दारात पाहिला आहे. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या या विध्वंसक विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा जगभर झोपवली. शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनल त्याच फटक्यात थांबलं. क्रेन शाबूत होत्या, कंटेनर जागेवर होते, माणसं हजर होती. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे हे सांगणारा सर्व्हर तेवढा उरला नव्हता. जहाजं इतर टर्मिनलांकडे वळवावी लागली आणि मालवाहतूक खोळंबली. मर्स्कच्या सगळ्या कार्यालयांची किल्ली असलेल्या सर्व्हरांपैकी फक्त एकाची प्रत वाचली, ती आफ्रिकेतल्या घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्याने तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. देखरेखीच्या पडद्यावर तो आजारी दिसला असेल, पण अख्ख्या कंपनीला त्यानेच वाचवलं.

तीन वर्षांनी, 7 जुलै 2020 रोजी, टाळेबंदीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीने एनएम1 चं उद्घाटन झालं. 7,200 रॅक, 50 मेगावॅट वीज आणि अपटाइम इन्स्टिट्यूटचं टिअर 4 प्रमाणपत्र. या श्रेणीशी 99.995 टक्के उपलब्धतेचा आकडा जोडला जातो. वर्षाच्या 5,25,600 मिनिटांपैकी जेमतेम सव्वीस मिनिटं बंद राहण्याची मुभा. त्यासाठी प्रत्येक गोष्ट दुहेरी असते: विजेचे मार्ग, थंडावा, यूपीएस, डिझेल जनरेटर. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा 18 ते 27 अंशांत ठेवण्याची शिफारस पाळायची, तर पनवेलच्या मे महिन्यात ते काम सोपं नसतं. अशा इमारतीत तापमान, आर्द्रता, विजेचा दाब, पाण्याची गळती यांची मोजणी सेकंदासेकंदाने चालू असते, आणि नियंत्रण कक्षातल्या भिंतीभर पडद्यांवर ती दिसते.

उद्घाटनाला शंभर दिवसही झाले नव्हते, तोच 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि रायगडच्या काही भागांतली वीज एकदम गेली. कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईला वेगळं काढून वाचवण्याची जुनी व्यवस्थाही चालली नाही. लोकल थांबल्या. डिझेल जनरेटर कशासाठी ठेवायचे असतात, हे त्या सकाळी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

या सगळ्या यंत्रणांची एक खोड मात्र चिंतेची आहे, ती म्हणजे विसरणं. एमआरटीजीच्या जन्मापासून जागा वाचवण्यासाठी जुने आकडे सरासरीत मिसळायची रीत पडली. पाच मिनिटांचे आकडे दोन दिवस, अर्ध्या तासाचे दोन आठवडे, दोन तासांचे दोन महिने, दिवसाचे दोन वर्षं. नंतर आलेल्या आरआरडीटूलने हीच रीत पक्की केली. कमाल आकडा वेगळा जपता येतो, पण चढ-उताराचा आकार जातो. सार्वजनिक स्टेटस पेजवर तर बहुधा गेल्या नव्वद दिवसांच्या पट्ट्या दिसतात.

कुलाब्याच्या वहीने असं केलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर प्रत्यक्ष उपलब्ध आहे. 2003 मध्ये भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना आणि सोभना ॲलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेस यांच्याबरोबर 1859 च्या त्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि 1600 नॅनोटेस्लाची घसरण जगासमोर मांडली. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी वही उघडली गेली आणि तिच्यातून आधुनिक विद्युत जाळ्यांसाठी धोक्याची पातळी किती धरायची याचा हिशेब निघाला. तीन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच नोंदींची तासाची सरासरी काढली, तेव्हा आकडा साडेआठशेच्या आसपास आला. वादळ एकच, वाचनं तीच. फक्त सरासरी घेतली आणि ते निम्म्यावर आलं.

तुलनेसाठी, 13 मार्च 1989 च्या वादळात जगाच्या सरासरी निर्देशांकाची घसरण 589 नॅनोटेस्ला होती. तेवढ्याने कॅनडातल्या क्विबेक प्रांताचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. 10 आणि 11 मे 2024 चं वादळ चारशेच्या आसपासचं होतं. लडाखमधल्या हानले वेधशाळेवर आकाश लाल झालं. असा तडाखा 1859 च्या ताकदीने आला, तर डेटा सेंटरच्या पडद्यावरचा पहिला लाल ठिपका विजेच्या रकान्यात उमटेल, आणि त्याचं कारण मात्र भूचुंबकत्व संस्थेच्या आलेखात सापडेल. पनवेलमधल्या या दोन इमारतींनी एकमेकींचे आकडे रोज पाहावेत, ही अपेक्षा म्हणूनच वाजवी आहे.

आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला सरकारी खिडक्यांपुढची रांग आहे. पनवेल तालुक्यात इमारती उगवतात तितक्या वेगाने घरांचे दस्त नोंदणीला येतात. सातबारा हवा असतो, रेशन दुकानात अंगठा उमटवायचा असतो. कुठल्याही सरकारी खिडकीवर “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या” हे ऐकलं नाही असा माणूस या राज्यात विरळा. खिडकीतल्या कर्मचाऱ्यालाही त्यापलीकडे काही ठाऊक नसतं, म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. कर्जत-उरणहून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला घरून निघण्यापूर्वी कळायला हवं की सेवा चालू आहे की नाही, बिघाड केव्हापासून आहे, आणि गेल्या वर्षभरात असं कितीदा झालं. हे सांगणारं पान त्याच सर्व्हरवर नको, दुसरीकडे असायला हवं. गप्प झालेली सेवा त्यावर जांभळी दिसायला हवी. आणि जुने दिवस नव्वदाव्या दिवशी पुसले जाऊ नयेत.

तंत्र म्हणून यात अवघड काही नाही. बिग ब्रदरचा तक्ता 1996 चा आहे. अलिबागच्या चुंबकसूचीचे मिनिटामिनिटाचे आकडे इंटरमॅग्नेट या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून पनवेलच्या शाळेतला एखादा मुलगा आज फुकट पाहू शकतो. त्याच्या आईवडिलांच्या घराची नोंदणी ज्या सर्व्हरवर अडली, तो गेल्या महिन्यात किती मिनिटं बंद होता, हे कुठे पाहायचं ते मात्र रांगेतल्या माणसाला कुणी सांगत नाही.